बोट पाण्यात, बूच गाडीत! (होडी लोटताना झालेल्या फजित्या)

बूचबहाद्दर | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, गेली चौदा वर्षं मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि पोटासाठी गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करतो. स्टिअरिंग हा माझा विषय. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त आनंद होईल.

मागच्या हिवाळ्यात एकाच्या अंगणात ताडपत्रीखाली सतरा फुटी बोट दिसली. फायबरची, जुनी, मागे ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलरसकट मिळत होती, घेतली. बायकोने एकच प्रश्न विचारला, "तुला पोहता येतं का?" म्हटलं, बोट असताना पोहायचं कशाला?

आज पहिल्यांदा लेक सेंट क्लेअरला नेली. म्हणायला तळं, पण पलीकडचा काठ कॅनडात. सरासरी खोली मात्र जेमतेम ११ फूट. मनाशी म्हटलं, दोन पुरुष पाणी, त्यात काय होतंय!

पाण्यापर्यंत जाणं हाच पहिला अंक. रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावर, ट्रेलर उलटा न्यावा लागतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. घाबरून आणखी फिरवलं की तो गाडीशी काटकोन करून उभा राहतो. रॅम्पला तीन लेन होत्या. पाच मिनिटांत मी तिन्ही व्यापल्या. मागे सहा गाड्यांची रांग. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, त्याची जास्त लाज वाटत होती.

बाजूला घडीच्या खुर्चीवर टोपीवाला एक म्हातारा कॉफी पीत बसला होता. असा एक म्हातारा प्रत्येक रॅम्पवर असतो म्हणे, सरकार नेमत असावं. मी एकदाचा सरळ रेषेत आल्यावर त्याने विचारलं, "प्लग लावलास का?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "हो! चारही नवीन. गेल्याच आठवड्यात बदलले. गॅपसुद्धा मोजून घेतली."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. एक घोट घेतला. "ठीक आहे," म्हणाला.

बोट पाण्यात उतरली. बायको आत, मी धक्क्यावर दोर धरून. एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणून फोटो काढतोय, तेवढ्यात आतून आवाज, "अरे, माझ्या चपला तरंगतायत."

तर ज्यांना माझ्यासारखंच माहीत नाही त्यांच्यासाठी: बोटीच्या मागच्या भिंतीत अगदी तळाशी एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यात उतरण्याआधी त्यात बूच लावायचं. म्हाताऱ्याचा 'प्लग' म्हणजे हे बूच. मी स्पार्क प्लगचा हिशेब देत बसलो. बूच होतं गाडीत, कॉफीच्या कपाच्या खाचेत.

आणि ते तिथे का होतं, तर मी कायदा पाळत होतो! मिशिगनमध्ये २०१९ पासून बोट रस्त्यावरून नेताना बूच काढून, सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. एका तळ्यातले उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. झेब्रा मसल नावाचे चिमुकले शिंपले इकडे पहिल्यांदा १९८८ साली सापडले, ते याच लेक सेंट क्लेअरमध्ये. म्हणजे ज्या तळ्यामुळे बूच काढायची वेळ आली, त्याच तळ्यात मी बूच लावायला विसरलो.

बोट पुन्हा ट्रेलरवर चढवली. आत पाणी भरल्यामुळे ती इतकी जड झाली होती की शेवाळावर गाडीची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रांगेतल्या चौघांनी ढकलली. मग वर येऊन वीस मिनिटं त्या भोकातून धार लागलेली, आणि आम्ही दोघं शेजारी उभे. अंत्यविधीला उभे राहतात तसे.

तुमच्याही फजित्या सांगा. मला एकट्याला वेडा ठरवू नका.

हसरी_मैना | शनिवार, रात्री ११:०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! "चारही नवीन" ला ऑफिसात बसून मोठ्याने हसले, टीम लीड बघायला आला.

खादाडखाऊ | शनिवार, रात्री ११:१२

ते शिंपले खाता येतात का? तिसऱ्यांसारखे?

बूचबहाद्दर | शनिवार, रात्री ११:२०

@खादाडखाऊ, प्रश्न अपेक्षितच होता. नाही. नखाएवढे असतात आणि पाणी गाळून त्यातली घाण अंगात साठवतात. तुम्ही सुक्यावर भागवा.

मालवणी_मासो | रविवार, सकाळी ८:१५

बूचबहाद्दर, दंडवत घ्या.

आमच्याकडे ट्रेलर-बिलर काय नाय. धा जण जमतत, होडयेखाली ओंडके घालतत आणि हैय्या करून लोटतत. त्यामुळे तुमचा पहिला अंक आमच्या नाटकात नाही. बाकीचे अंक मात्र सगळे आहेत.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. काका तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, देवबागला त्यांची फायबरची छोटी होडी, मागे मशीन. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो असताना पुण्याच्या तीन मित्रांपुढे भाव खायला म्हणून काकांकडून होडी मागून घेतली. रक्तातच दर्या आहे म्हटल्यावर शिकायचं काय! काका एवढंच म्हणाले, "खाडयेतच फिर. भायर जाव नको. आणि मशीन मुतता काय ता बघ."

मित्र हसले, मीही हसलो, आणि अर्थ न विचारताच निघालो. अर्थ असा: आउटबोर्ड मशीन गार राहावं म्हणून ते खालून पाणी ओढतं आणि त्यातली एक बारीक धार मागून बाहेर पडत राहते. धार दिसली की पाणी फिरतंय. धार थांबली की मशीन बंद करायचं, नाहीतर तापून जाम. आमची धार दहाव्या मिनिटाला थांबली होती, पाणी ओढायच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. आम्ही मात्र सेल्फीत.

नशीब असं की मशीन तापायच्या आधी भलत्याच कारणाने बंद पडलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. तो उघडायला विसरलो होतो. पेट्रोल जातंय, हवा आत येत नाही, टाकी आतून आवळत जाते आणि शेवटी थेंबही येत नाही. सुरुवातीला मस्त चालतं, म्हणून संशयही येत नाही. मी अर्धा तास दोरी ओढत होतो. एका मित्राने पेट्रोल आहे का बघायला झाकण सैल केलं, तर फुस्स! एका चुकीने दुसरी चूक वाचवली असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

तोपर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती आणि होडी निघाली संगमाकडे, खाडी दर्याला मिळते तिथे, म्हणजे जिथे जाऊ नको सांगितलं होतं तिकडेच. मित्र ओरडला, "नांगर टाक!" टाकला. झोकात टाकला, हात मागे नेऊन. नांगर गेला, मागोमाग दोर सळसळत गेला, आणि मग दोराचं दुसरं टोकही गेलं.

काका दुसरी होडी घेऊन आले. काही बोलले नाहीत. काठाला लागल्यावर शांतपणे विचारलं, "नांगर टाकलंस, बरा केलंस. दोरयेचा दुसरा टोक खंय बांधलंस?"

आता गावात माझी ओळख 'दुसरा टोक' अशीच आहे. लग्नपत्रिकेवर तेवढं छापायचं राहिलं.

सदाशिवपेठी | रविवार, सकाळी ९:३०

मराठीत याला 'गुडदी' असा नेमका शब्द असताना सगळे 'बूच' का लिहिताय? आणि 'बोट' म्हणजे हाताचं. 'होडी' लिहा.

मालवणी_मासो | रविवार, सकाळी ९:३४

@सदाशिवपेठी, गुडदी बाटलीक. होडयेक बूच. आणि बोटाचा म्हणशात तर होडयेच्या त्या भोकात आम्ही बोटच घालून काठाक इलेलो आसव एकदा, तेव्हा दोन्ही शब्द बरोबर.

हडसनकाठची | रविवार, सकाळी १०:०२

न्यू जर्सीचा लेक होपॅटकॉन्ग. आमच्याकडचं सर्वांत मोठं तळं. माझ्या नवऱ्याने तिथे जो पराक्रम केला त्याला साक्षीदार पुष्कळ आहेत, त्यामुळे तो नाकारू शकत नाही.

आमच्या घरी सगळं पद्धतशीर. त्याने सुरक्षेचा कोर्स केला, परीक्षा दिली, ९० च्या वर गुण. बूच लावलं. ट्रेलरला बोट ज्या पट्ट्यांनी बांधलेली असते त्या सोडल्या (याच्या आदल्या खेपेला सोडल्या नव्हत्या, तेव्हा ट्रेलर खाली जात होता, पाणी वर येत होतं आणि बोट काही तरंगेना. ती आणखी वेगळी गोष्ट.) मी गाडीत, तो पाण्यात गुडघाभर. बोट सुटत नव्हती, म्हणून त्याने नाकाला खांदा लावून जोर केला. सुटली! सुर्रकन. त्याने दोन्ही हात वर केले, षटकार मारल्यासारखे.

दोन्ही हात वर. म्हणजे दोर कोणाच्या हातात?

बोटीत कोणी नाही. इंजिन बंद. वारा काठाकडून तळ्याकडे. ती आपली निवांत निघाली. पुढच्या सीटवर बटाटेवड्यांचा डबा, चटणीची बाटली आणि याचा फोन. शंभरेक फुटांवर एक आजी-आजोबा कयाकमध्ये होते, त्यांनी दोर पकडला आणि वल्हवत आणून दिला. आम्ही त्यांना वडे दिले. आजी म्हणाल्या, "असंच आणखी काही घालवलंत तर सांगा, आम्ही इथेच असतो."

तेव्हापासून नियम आहे, विंच (बोट ट्रेलरवर ओढून धरणारी पट्ट्याची चरखी) सोडण्याआधी दोराचं एक टोक माझ्या हातात. विंचवरून आठवलं: विंचचा पट्टा बोट पाण्याला लागेपर्यंत सोडायचा नसतो. रॅम्प उतरता असतो. वरच सोडलात तर बोट घसरून सिमेंटवर बसते. हे आम्ही केलं नाही, शेजारच्या लेनमध्ये बघितलं. तो आवाज विसरत नाही माणूस.

ट्रेलर उलटा घेण्याबद्दल: बूचबहाद्दर, स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा, सहा वाजता काटा असतो तिथे. आता ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्याच बाजूला हात न्या. डोकं चालवायचंच नाही. मी देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये वीस मिनिटांत शिकले. नवरा अजून भूमिती मांडतोय. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन वळतो, म्हणून थोडं थोडं, सावकाश.

बूचबहाद्दर | रविवार, सकाळी १०:२०

सहा वाजता हात! स्टिअरिंगवर माझं नाव असलेलं एक पेटंट आहे आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी करून बघतो.

ठाण्याची_लेक | रविवार, दुपारी १२:४५

आमची मिनेसोटात. तिथेही बूच काढूनच गाडी रस्त्यावर आणायची, त्यामुळे बूचबहाद्दर, तुमचे भाऊबंद आमच्या रॅम्पवर दर शनिवारी असतात.

आमची गोष्ट दोन भागांत. भाग एक: सासरे भारतातून आले होते. नवीन बोट म्हटल्यावर हळद-कुंकू, हार, सगळं साग्रसंगीत. आणि नारळ. नारळ दगडावर फोडायचा असतो हे मान्य, पण काठावर दगड दिसेना, म्हणून बाबांनी तो थेट बोटीच्या नाकावर हाणला. नारळ शाबूत. फायबरच्या वरचा चकचकीत थर तळहाताएवढा तडकला. दुरुस्तीवाल्याने विचारलं, खडकावर आपटली का? नवरा म्हणाला, "नाही, पूजा केली."

भाग दोन: पूजा झाली, सगळे बसले, चावी फिरवली. काही नाही. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. गिअर न्यूट्रलला आहे का, आहे. पेट्रोलचा रबरी फुगा दाबून कडक केला, केला. बॅटरी, वायरी, सगळं. चाळीस मिनिटं. शेवटी माझ्या तीन वर्षांच्या लेकीने हात पुढे करून विचारलं, "आई, माझी बांगडी छान आहे?"

लाल रंगाची, गुंडाळीच्या वायरीसारखी बांगडी. किल स्विचची दोरी! चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची असते. तो पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन आपोआप बंद. नाहीतर बिनमाणसाची बोट गोल गोल फिरत पडलेल्याच्याच अंगावर येते. आणि ती क्लिप जागेवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर ती वापरणं सक्तीचं आहे. आता आमच्याकडे एक जास्तीची दोरी आहे, आणि लेकीला खरी बांगडी.

कोथरूडकर_बाबा | रविवार, दुपारी ४:१०

मुलाकडे मिशिगनला गेलो होतो तेव्हाचा किस्सा. त्याने दहा मिनिटं सुकाणू माझ्या हातात दिलं. चाळीस वर्षं कर्वे रोडवर स्कूटर चालवलेला माणूस मी, समोर बोट दिसली की एक पॅं. पुढे दुसरी दिसली, पॅं पॅं. ओळखीचा वाटला म्हणून पॅं पॅं पॅं. मुलगा आत कॉफी ओतत होता, धावत बाहेर आला. "बाबा, तुम्ही काय सांगताय लोकांना?"

पाण्यावर हॉर्नला अर्थ असतो म्हणे! एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय. तीन मिनिटांत मी तिन्ही घोषणा करून सरळच चाललो होतो. समोरच्यांची काय अवस्था झाली असेल.

बूचबहाद्दर | रविवार, दुपारी ४:३२

बाबा, तुमचं वाचून माझी खपली निघाली. हे मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं.

बूच लावून पुन्हा पाण्यात उतरलो तेव्हा सगळं छान चाललं होतं. तळ्याच्या मधून मोठ्या जहाजांसाठी खणलेला एक खोल मार्ग जातो. ग्रेट लेक्समधली मालवाहू जहाजं तिथून जातात, काही तर हजार फूट लांब. आपली बोट म्हणजे त्यांच्यापुढे कढीपत्त्याचं पान. असं एक लांबून दिसलं, म्हणून आम्ही फोटोसाठी त्या मार्गातच इंजिन बंद करून थांबलो. जहाजाने भोंगा वाजवला. पाच वेळा, छोटा छोटा. बायको म्हणाली, किती गोड, आपल्याला हाय करतायत. आम्ही दोघांनी उभं राहून जोरजोरात हात हलवले. त्याने पुन्हा पाच वाजवले. आम्ही पुन्हा हात.

पाच छोटे भोंगे म्हणजे 'तू काय करतोयस मला कळत नाही, धोका आहे'. हे मला रात्री घरी पुस्तकात सापडलं. एवढं मोठं जहाज थांबायला किती अंतर घेतं आणि त्याला त्या खणलेल्या मार्गाबाहेर वळायला जागाच नसते, हेही तिथेच वाचलं. आम्ही बाजूला झालो ते शहाणपणाने नाही, बायकोला ऊन लागत होतं म्हणून. त्या रात्री झोप आली नाही.

रेवदंडेकर | रविवार, रात्री ९:००

तळ्यावाल्यांनो, तुमचं पाणी निदान जागेवर राहतं. माझा आतेभाऊ अमेरिकेत दहा वर्षं तळ्यावर बोट चालवून परत आला. अलिबागकडे घर घेतलं, छोटी स्पीडबोट घेतली. पहिल्याच दिवशी खाडीतल्या जुन्या धक्क्याला लावली, दोन्ही टोकांना घट्ट, अगदी ताणून. म्हणे, सैल दोर हे आळशी माणसाचं लक्षण. दिवस पौर्णिमेचा, वेळ दुपारी बाराची. मी म्हटलं, "दादा, दोर सैल सोड." तो म्हणाला, "मी फ्लोरिडात शिकलोय." बरं म्हटलं.

जेवलो. सुरमई, सोलकढी, वामकुक्षी. चारला जाऊन बघतो तर बोट धक्क्याला टांगलेली! नाक वर, बूड चिखलात, आतलं सगळं सामान मागे गोळा झालेलं. एका बाजूचा दोर बांधायचा खुंटा बोटीतून स्क्रूसकट उपटून आला होता. खेकडे जाऊन बघून येत होते.

मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. मालवण-गोव्याकडे साधारण दोन. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत दोन्हीकडे कमी. भरती संपल्यापासून सहा तासांत पाणी तळाला जातं. रात्री दहाला परत पाणी आलं तेव्हा बोट सुटली, तोपर्यंत आम्ही डास मारत चिखलाकाठी.

यासाठी ॲप लागत नाही. आजोबांचा हिशेब: तिथीला पाऊणने गुणायचं, आलेल्या वेळेला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, आणि दुसऱ्या किनाऱ्यावर चालणार नाही, पण आमच्या पट्ट्यात कालनिर्णय भिंतीवर असलं की काम भागतं. मोठ्या कामाला मात्र बंदराचं छापील कोष्टकच बघा. आणि कोळी लोक होड्या धक्क्याला न बांधता खाडीत मधे नांगरून का ठेवतात, हे दादाला त्या दिवशी कळलं.

हसरी_मैना | रविवार, रात्री ९:२५

"खेकडे जाऊन बघून येत होते" __/\__

पणजीकर_पाव्हणा | सोमवार, सकाळी ७:५०

रेवदंडेकरांच्या दादाला माझ्याकडे पाठवा, आमची जोडी जमेल. मीही अमेरिकेत शिकलो. तिथे घोकून घेतात: बंदरात परत येताना लाल खूण उजव्या हाताला ठेवायची. सुट्टीत गोव्यात चुलतभावाच्या बोटीवर मांडवीत शिरताना मी मोठ्या आत्मविश्वासाने लाल बोया उजवीकडे घेतला. भाऊ म्हणाला, "खंय वता रे?" मी म्हटलं, "नियमाने." आणि त्याच क्षणी पंखा वाळूत. नदीच्या तोंडावर वाळूचे पट्टे आहेत हे मला माहीत होतं, माझ्या नियमाला नव्हतं.

जगाचे यात दोन भाग आहेत. अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपाइन्स एकीकडे. भारत, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया दुसरीकडे. रंग बरोबर उलटे. आपल्याकडे आत येताना लाल डाव्या हाताला. सगळ्या जगाने मिळून एवढं एक ठरवायला हवं होतं, पण विजेचे सॉकेट तरी कुठे एक आहेत!

अडकल्यावर मी जे केलं तेही लिहितो: रेस वाढवली. वाळूत पंखा आणखी खोल, पाण्याबरोबर वाळू इंजिनात. करायचं होतं ते उलट: इंजिन बंद, पंखा वर उचलायचा, उतरून ढकलायचं. पाणी मांडीएवढंच होतं. मी लाइफ जॅकेट घालून, मांडीभर पाण्यात, शेजारून पर्यटकांची बोट जातेय आणि त्यावर "गो गोवा गो" चालू.

धक्काबुक्की | सोमवार, दुपारी १:१५

कोणी धक्क्याला लावण्याबद्दल लिहिलंच नाही? माझ्या सगळ्या चुका शेवटच्या वीस फुटांतल्या आहेत.

गाडी चालवणाऱ्याला बोट कळत नाही त्याची कारणं मला तीन धडकांनंतर कळली. ब्रेक नसतो. पहिल्या दिवशी माझा उजवा पाय बोटीचा तळ दाबत होता. दुसरं, गाडी पुढून वळते, बोट मागून. नाक डावीकडे वळवलं की बूड उजवीकडे फेकलं जातं, आणि आपण नाकाकडे बघत असताना बूड शेजारच्याच्या बोटीला भेटून येतं. तिसरं सर्वांत वाईट: इंजिन न्यूट्रलला टाकलं की सुकाणू मेलं. आउटबोर्डमध्ये पंखाच बोट वळवतो, तो थांबला की चाक कितीही फिरवा. मी न्यूट्रलला चाक गरागरा फिरवत होतो आणि बोट वाऱ्याच्या मर्जीने चालली होती.

मग जवळ आलं की बायकोला ओरडायचं, "उडी मार!" तिने एक पाय धक्क्यावर ठेवला, दुसरा बोटीत. बोट हळूहळू लांब. दोन दगडांवर पाय ही म्हण आहे हे मला माहीत होतं, पण दगड एकमेकांपासून लांब जात असतील तर काय होतं ते त्या दिवशी पाहिलं. ती पाण्यात. मी तिला वाचवायला पुढे झालो, थ्रॉटलला कोपर लागलं. देवाची कृपा की गिअर न्यूट्रलला होता.

हे विनोदाने लिहिलं, पण हातापायाने बोट अडवायला जाऊ नका. अर्धा टन वजन असतं, बोटं चिरडतात. रबरी फेंडर लटकवा आणि आपटली तर आपटू द्या. आता मी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धक्क्याकडे येतो, म्हणजे वारा ब्रेकचं काम करतो. क्षणभर गिअर टाकायचा, काढायचा, टाकायचा, काढायचा. रिक्षावाला पेट्रोल वाचवतो तसं.

शिकागोचा_गारठा | सोमवार, रात्री ८:४०

माझी चूक विनोदी नाही, महाग आहे. इंजिन आउटबोर्ड नव्हतं, आत बसवलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये ताडपत्री घातली आणि इंजिनच्या ब्लॉकमधलं पाणी काढायला विसरलो. पाण्याचं बर्फ होताना आकार सुमारे ९ टक्के वाढतो, हे आठवीत पाठ होतं. वसंतात ब्लॉकला बोट जाईल एवढी चीर. बोट म्हणजे हाताचं, सदाशिवपेठी.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ८:५५

आभारी आहे.

मालवणी_मासो | मंगळवार, सकाळी ७:३०

काकांना धागा वाचून दाखवला. फ्लोरिडावाल्या दादाला पोट धरून हसले. मग म्हणाले, आणखी एक सांग त्यांना: नांगर नेहमी पुढून बांधायचा. मागून बांधला तर लाट थेट बुडावरून आत येते, मागची बाजू मशीनच्या वजनाने आधीच खाली असते. आणि दोर खोलीएवढा सोडून भागत नाही, पाच-सात पट सोडायचा, म्हणजे नांगर आडवा ओढला जातो आणि रुततो. उभा ओढला तर उपटून येतो.

नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि दुसरा टोक."

बूचबहाद्दर | रविवार, रात्री ८:२०

आज पुन्हा गेलो होतो. अहवाल देतो.

सहा वाजता हात. एका फटक्यात रॅम्पवर सरळ. (दोन फटके. पण एकाच लेनमध्ये.) बूच घरीच गाडीच्या चावीला बांधून ठेवलं होतं, म्हणजे ते सोडवल्याशिवाय गाडीच सुरू होणार नाही. रॅम्पवर पोचल्याबरोबर लावलं, बायकोने हात लावून खात्री केली. पट्ट्या सोडल्या. दोराचं एक टोक तिच्याकडे, दुसरं टोक बांधलेलं, काकांना सांगा. किल स्विच मनगटाला. टाकीचा स्क्रू उघडा. धार मस्त. मोठ्या जहाजांच्या मार्गापासून लांब, कोणालाही हात न हलवता, तीन तास फिरलो. येताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आलो, धक्क्याला लागल्याचं बायकोला कळलंसुद्धा नाही.

म्हातारा खुर्चीवर नव्हता. जरा वाईट वाटलं, त्याने बघायला हवं होतं.

पार्किंगमध्ये गाडीकडे गेलो तर खिशात चावी नाही. बोटीत नाही. बायकोकडे नाही. मग आठवलं की बोट उतरवल्यावर ट्रेलर घाईघाईने वर नेऊन लावला तेव्हा मी गाडी बंद केल्याचं काही आठवत नाही. दारही लावल्याचं आठवत नाही.

गाडी बंद होती. दार लावलेलं होतं. वायपरखाली कॉफीच्या कपाचा फाडलेला तुकडा, त्यावर पेन्सिलीने: "चावी पुढच्या डाव्या चाकावर आहे. बूच लावलेलं बघितलं. छान."